उतरलेलं वजन

पुसदच्या बाजारामागच्या गल्लीत निजामुद्दीनचं गाद्यांचं दुकान शोधायला कुणाला पत्ता विचारावा लागत नसे. जो माणूस दुकानाचं दार भरून बसलेला दिसेल तोच निजामुद्दीन, एवढी खूण पुरत होती. एकशे बारा किलो! आकडा अंदाजाने सांगत नाही. कापूस तोलायचा लोखंडी काटा दुकानातच होता, आणि गल्लीतल्या रिकामटेकड्यांनी त्याला एकदा त्यावर चढवून खात्री करून घेतली होती.

हुस्नाबीला नवऱ्याच्या या देहाचा अभिमान होता, खोटं कशाला बोलायचं? ती ढाणकीहून लग्न होऊन आली तेव्हा निजामुद्दीन काडीपैलवान होता. नवरा अंगाने भरला म्हणजे बायकोच्या हाताला बरकत आहे, ही तिच्या माहेरची समजूत, आणि तिने तीस वर्षं ती बरकत सिद्ध करून दाखवली. शुक्रवारी बोटी, रविवारी पाया, मधल्या दिवसांत कुणी पाहुणा आला म्हणून गोड आणि कुणी आला नाही म्हणून तळण. निजामुद्दीन खाताना मान वर करत नसे आणि ती वाढताना हात आखडत नसे. असा तो संसार.

घर पिंजाऱ्यांचं. आजे-पणजे धनुकली खांद्यावर टाकून खेडोपाडी कापूस पिंजत फिरले. त्या फिरण्यातच घराची बोली वऱ्हाडी झाली. उर्दू उरली ती निकाहापुरती आणि भांडणापुरती. आता पिंजायला मशीन आलं, पण निजामुद्दीनच्या दुकानात टाके अजून हातानेच पडत. भरलेली गादी जमिनीवर पसरायची, तिच्यावर उकिडवं बसायचं, गुडघ्याने कापूस दाबून धरायचा आणि वीतभर सुई आरपार काढून दोरा ओढायचा. गुडघा जेवढा दाबेल तेवढा टाका घट्ट. निजामुद्दीनच्या गादीतला कापूस दहा-दहा वर्षं सरकत नसे, ते त्या गुडघ्याच्या जोरावर.

तोच गुडघा गेला. आधी उजवा, मग डावा. पहिल्या वर्षी तो गादीवरून उठताना भिंतीला धरू लागला, दुसऱ्या वर्षी बसेनासाच झाला. नमाज खुर्चीवर आली. टाके घालायला बाहेरचा माणूस ठेवावा लागला, आणि त्याच्या गाद्या चार महिन्यांत गोळे होऊन परत येऊ लागल्या. निजामुद्दीन हे सगळं हसण्यावारी नेत होता. पण पोळ्याच्या सुमारास लेकीचं, मुस्कानचं लग्न नेरच्या एका घरात ठरलं आणि त्याचं हसणं थांबलं. निकाह ईदनंतर. त्यांच्या घरची रीत अशी की मुलीच्या जहेजची गादी बापाने स्वतः भरायची, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत. त्याच्या चारही बहिणी अशाच गादीवर सासरी गेल्या होत्या.

"मुस्कानच्या गादीले दुसऱ्याचा हात लागला तर मी मेल्यावानी हाये," तो एक दिवस जेवता जेवता म्हणाला. त्या दिवशी त्याने दुसऱ्यांदा भात मागितला नाही. हुस्नाबी समजली की आता डॉक्टर करावाच लागणार.

हाडांच्या डॉक्टरीण बाई होत्या अपेक्षा राठोड. वयाने मुस्कानपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी एक्स-रेचा फोटो उजेडात धरला. "काका, दोन्ही गुडघ्यांतली गादी पार झिजली आहे."

"मंग भरून टाकू ना नवी! धंदाच आपला तो हाये," निजामुद्दीन म्हणाला आणि स्वतःच मोठ्याने हसला.

बाईही हसल्या. "भरू. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन आधी करू. पण त्याआधी पंधरा किलो उतरवून या. इतक्या वजनावर जखम लवकर भरत नाही, आत पू धरायची भीती असते."

"वजनानं घासले असतीन गुडघे," हुस्नाबी चाचरत म्हणाली. आपल्याच हातचं खाणं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं आहे हे तिला कळत होतं.

"नुसत्या ओझ्यानं नाही, काकू." बाईंनी कागद ओढला आणि सांध्याचं चित्र काढलं. "सांध्याला आतून पातळ अस्तर असतं. आपल्या रक्तात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, पहारेकरीच म्हणा. आता पोटावरची ही चरबी नुसती पडून राहत नाही. ती रात्रंदिवस रक्तात ओरडत असते, चोर आला, चोर आला. मग हे पहारेकरी सांध्याच्या अस्तरात गोळा होतात आणि चोर नसताना लाठ्या चालवतात. मार बसतो घरच्याच गादीला. म्हणून गुडघा सुजतो, गरम होतो. चरबी घटली की ओरडा थांबतो, पहारेकरीही शांत बसतात. पुष्कळदा दुखणं निम्मं कमी होतं." त्यांनी दुखण्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या, फारच दुखलं तर घ्या म्हणाल्या. "आणि दर महिन्याला येऊन दाखवत जा."

हुस्नाबीला सांध्यातलं फारसं कळलं नाही, पण पहारेकरी पक्के कळले. घरी येताना ऑटोतच तिने ठरवलं की आता या मेल्यांना शांत करायचंच. जिने तीस वर्षं वाढलं तिलाच आवरताही येईल. सकाळी ज्वारीची एक भाकर, अंबाडीची भाजी, संध्याकाळी पुन्हा तेच, तेल दाखवण्यापुरतं. बोटी बंद, पाया बंद, चहातली साखर बंद. निजामुद्दीन पहिले आठ दिवस घरात असा हिंडला की जणू त्याच्यावर खोटी केस झाली आहे.

"अवो, एक पापड तरी भाज."

"जिभेले लगाम लावा. पोरीची गादी भरायची हाये का पापड खायचा हाये?"

एकदा भज्याच्या गाडीवर तिने त्याला रंगेहाथ पकडला. हातातलं भजं त्याने इतक्या घाईने तोंडात कोंबलं की जीभ पोळून दोन दिवस नीट बोलता आलं नाही. पण त्या भज्यानंतर मात्र माणूस खरंच सुधारला. आयुष्यभर लोकांनी हत्ती म्हणून हाका मारल्या, डॉक्टरांनी जिभेवर ताबा नाही म्हणून झिडकारलं. आता तो ताबा ठेवून दाखवायला निघाला होता. त्याने भुकेने रात्र रात्र कूस बदलली, पण पुन्हा गाडीकडे फिरकला नाही.

दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की कापसाच्या काट्यावर वजन. गल्ली जमायची. पानवाला आकडा ओरडायचा, हुस्नाबी तो मुस्कानच्या जुन्या वहीत लिहायची. पहिल्या महिन्यात तीन किलो, दुसऱ्यात दोन. एकशे सात! गल्लीने टाळ्या वाजवल्या आणि निजामुद्दीन नव्या नवरदेवासारखा लाजला. घरात गंमतच होऊन बसली होती. तो गुडघा चोळत असला की हुस्नाबी विचारायची, "काय म्हनून राह्यले आज पहारेकरी?" आणि तो म्हणायचा, "लाठ्या खाली ठेवल्या, पन डोळा उघडा हाये."

दर महिन्याला दाखवायला मात्र ते गेले नाहीत. हुस्नाबीचाच बेत तो. एकदमच पंधरा किलो उतरवून जायचं आणि बाईंना चकित करायचं.

दिवाळीच्या सुमारास निजामुद्दीनची भूक मेली.

म्हणजे एका दिवसात नाही. आधी त्याने पापड मागणं सोडलं, मग भाकरीतला चतकोर ताटात राहू लागला, मग अर्धी भाकर. शेजारच्या घरातून फराळाचं ताट आलं तर त्याने त्याकडे पाहून तोंड फिरवलं. हुस्नाबीने मनातल्या मनात अल्लाचे आभार मानले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं म्हणायचं! जी भूक मारायला दोन महिने रक्त आटवलं ती आता आपल्या पायांनी चालती झाली होती. आणि काटाही काय भराभर खाली येऊ लागला. आठवड्याला दीड किलो, दोन किलो. सत्त्याण्णवचा आकडा आला तेव्हा पानवाल्याने गल्लीला चहा पाजला. आता नव्वदच्या खाली आणूनच बाईंकडे जायचं, असं हुस्नाबीने ठरवलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी ती दुकानात आली तर खुर्ची रिकामी. निजामुद्दीन खाली होता. गादीवर उकिडवा बसला होता, उजवा गुडघा कापसात रोवलेला, हातात सुई. वर्षा-दीड वर्षांनी. त्याने टाका ओढला, दाताने दोरा तोडला आणि मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"हुस्ना, बसता येऊन राह्यलं वं मले."

ती तिथेच दारात रडली. हसत होती आणि रडत होती. संध्याकाळी तिने मुस्कानच्या गादीसाठी राखून ठेवलेला लांब धाग्याचा कापूस माळ्यावरून काढून दिला. निजामुद्दीनने तो मशीनमधून दोनदा काढला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बिस्मिल्ला म्हणून गादीचा पहिला टाका घातला.

पोटात दुखतं असं तो म्हणायला लागला ते याच दिवसांत. बेंबीच्या वर, आत कुठेतरी, आणि तिथून पाठीत जातं म्हणाला. गुडघ्याची गोळी घेतली की ते दुखणंही थांबायचं, म्हणून तो ती रोज घेऊ लागला. गल्लीच्या तोंडावरच्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि सोनोग्राफीची चिठ्ठी लिहून दिली. "लवकर करून घ्या," असंही म्हणाले.

"कायले पाह्यजे सोनोग्राफी?" घरी आल्यावर हुस्नाबी म्हणाली. "रिकाम्या पोटात गरम गोळ्या घेता, दुखनारच ना. एवढ्या वर्साचं भरलेलं पोट हाये, त्याले सवय नाई रिकामं राह्याची."

"तू म्हनशीन तसं," निजामुद्दीन म्हणाला. तिने चिठ्ठीची घडी करून ती तांदळाच्या डब्याखाली ठेवली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात, पण इथे तर रेडा कोणता हेच कुणी पाहायला तयार नव्हतं. गुडघा बरा होत होता ना? वजन उतरत होतं ना? मग आणखी काय पाहिजे!

एकच बाई बोलली. तहसीलमधून रिटायर झालेल्या चंद्रशेखरभाऊंची बायको, शुभदाताई. थंडी पडली की त्या दर वर्षी घरच्या रजया पुन्हा पिंजून न्यायला येत. त्या दिवशी रिक्षातून उतरल्या, निजामुद्दीनकडे पाहिलं आणि रजया तशाच हातात घेऊन उभ्या राहिल्या.

"निजामभाऊ, अहो हे काय! गळ्याची हाडं वर आलीत. हुस्नाबी, एकदा रक्ताबिक्ताच्या तपासण्या करून घ्या यांच्या. इतकं झपाट्यानं उतरणं बरं नाही."

"डॉक्टरनंच सांगतलं हाये, ताई," हुस्नाबी म्हणाली. आवाज गोड ठेवला होता, पण आतून तिचा तिळपापड झाला होता. त्या घरी चंद्रशेखरभाऊंचं पोट टेबलाच्या वर येतं, ते काही उतरत नाही. मग दुसऱ्याचं उतरलेलं पाहवेल कसं? त्या जाताच तिने सात लाल मिरच्या, मीठ आणि मोहरी मुठीत घेतली, निजामुद्दीनवरून ओवाळली आणि चुलीत टाकली. मिरच्या जळून काळ्या झाल्या तरी कुणाला ठसका लागला नाही. ठसका लागला नाही म्हणजे नजर होतीच, आणि मोठी होती.

त्या दिवसापासून गल्लीतलं वजन बंद झालं. शुक्रवारी शटर अर्धं खाली ओढून ती एकटी आकडा पाहायची आणि वहीत लिहायची. निजामुद्दीनला तिने त्याचाच जुना सैल स्वेटर घातला, वरून मफलर. कुणी विचारलं तर, थंडी फार आहे. ज्याला बघून चार माणसांनी वेळेवर आरडाओरडा केला असता त्याला तिने असा झाकून ठेवला, आणि प्रेमाने झाकला. तिचा राग येतो. पण तिच्या जागी आपण असतो तर मिरच्या ओवाळल्या नसत्या, असं छातीठोक कोण सांगेल?

नाताळच्या सुट्ट्या संपता संपता ती त्याला घेऊन डॉक्टरीण बाईंकडे निघाली, मुस्कानही सोबत होती. वही पिशवीत होती. निजामुद्दीनने निळा शर्ट घातला होता. तो इतका मोठा झाला होता की मुस्कानने मागून दोन पिना लावल्या.

"किती?" बाईंनी विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी!" निजामुद्दीनच्या आधी हुस्नाबीच बोलली. "तुमी सत्त्यान्नव सांगतलं होतं. नऊ जास्तीचेच उतरवले त्यायनं." तिने वही उघडून बाईंसमोर सरकवली.

निजामुद्दीन खुर्चीवरून उठला. "बाई, हे पाहा." तो तपासायच्या खोलीत जमिनीवर उकिडवा बसला, भिंतीला हात न लावता उठला, पुन्हा बसला. "ऑपरेशन एकाच गुडघ्याचं करा म्हनतो मी. दुसरा तर सुधरला."

बाईंनी गुडघ्याकडे पाहिलंच नाही. त्या वही वाचत होत्या. पानाच्या वरून खाली त्यांचं बोट आलं आणि दिवाळीच्या आठवड्यावर थांबलं.

"काकू, भूक कशी आहे यांची?"

"भूक तर मारूनच टाकली त्यायनं. अर्ध्या भाकरीच्या वर जात नाईत. पह्यले पापडासाठी भांडत होते, आता मी म्हनलं तरी खात नाईत." ती हे अभिमानाने सांगत होती, आणि बाईंच्या चेहऱ्यावर हसू का नाही हे तिला कळेना.

"पोटात दुखतं?"

"थोडंसं. रिकाम्या पोटानं."

बाईंनी त्याला आडवं व्हायला सांगितलं. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, बेंबीच्या वर बोटं रुतवली. निजामुद्दीनने श्वास आत ओढला. बाईंनी शर्ट खाली केला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "काका, ऑपरेशनच्या आधी काही तपासण्या लागतील. आजच सुरू करू."

सोनोग्राफी त्याच दिवशी पुसदला झाली. मग यवतमाळला जाऊन मोठ्या मशीनमध्ये फोटो, सुईने काढलेला तुकडा, रिपोर्टची वाट. तो आला तेव्हा बाईंनी निजामुद्दीनला बाहेर चहा प्यायला बसवलं आणि मायलेकींना आत बोलावलं.

"स्वादुपिंडाला गाठ आहे. कॅन्सरची. ती यकृतापर्यंत पोचली आहे." त्यांनी सावकाश, एकेक शब्द सांगितला. "वजन त्यामुळे उतरत होतं. भूकही त्यामुळेच गेली. ओझं घटलं म्हणून गुडघे हलके वाटले, आणि गोळ्यांनी पोटाचं दुखणं दाबून ठेवलं."

मुस्कानने आईचा हात धरला.

"औषध?" हुस्नाबीने विचारलं.

"त्रास कमी व्हायचं आहे. बरं व्हायचं नाही."

"मंग तुमचे ते पहारेकरी? चोर नसताना लाठ्या मारत होते ना? खरा चोर आला तवा कुठी गेल्ते मेले?"

बाईंनी रिपोर्ट मिटून पाकिटात घातला.

"कोनी दिवाळीतच सोनोग्राफी केली असती तर?" हुस्नाबीने हे असं विचारलं की जणू तिसऱ्याच कुणाची गोष्ट आहे.

"सांगता येत नाही, काकू. ही गाठ बहुतेक वेळा कळते तेव्हा उशीरच झालेला असतो. तेव्हाही झाला असेल." बाई दयाळूपणाने बोलल्या, खरंही बोलल्या, पण तांदळाच्या डब्याखालची चिठ्ठी त्यांना ठाऊक नव्हती. तो "असेल" हुस्नाबीच्या काळजात काट्यासारखा बसला आणि मग कधी निघाला नाही.

"निकाह ईदनंतर हाये," ती शेवटी म्हणाली.

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. "अलीकडे घेता आला तर घ्या. आणि त्यांना आता जे खावंसं वाटेल ते द्या."

निजामुद्दीनला सांगितलं की रक्तातली साखर वाढली आहे, ती उतरेपर्यंत ऑपरेशन महिनाभर पुढे. त्याने विश्वास ठेवला. नेरला निरोप गेला. तिथल्या लोकांना मुस्कानने स्वतः फोनवर खरं सांगितलं आणि ते भल्या माणसांसारखे वागले. निकाह पंधरा दिवसांवर आला. मुलाला रजा तेव्हाच मिळते, असं निजामुद्दीनला सांगितलं. त्यावरही त्याने विश्वास ठेवला आणि गादीवर जास्त वेळ बसू लागला.

हुस्नाबीने एका सकाळी बाजारातून नळीचं मटण आणलं. रस्सा शिजवायचा मोठा गंज चार महिन्यांनी फळीवरून खाली काढला. कांदा तुपात परतला, खसखस-खोबरं वाटलं, वर शिरा केला. दुपारी सगळं ताटात मांडून ती दुकानात गेली. निजामुद्दीन गादीवर बसला होता. तीन रांगा टाके उरले होते. दोन टाक्यांच्या मध्ये तो आता दम खात होता.

ताट पाहून तो दचकला. "येडी झाली का तू? वजन वाढन ना!"

"वाढू द्या थोडं."

"वाढू द्या? बाईनं ऑपरेशन रद्द केलं तर? साखर उतरवाची हाये म्हनते आन् शिरा आनते! ने ते वापस."

"एक घास खा. माह्यासाठी."

"जिभेले लगाम लावा, असं कोन म्हनलं होतं मले?" तो हसून म्हणाला. डोळे खोल गेले होते, पण हसू तेच होतं, गल्लीला ओळखीचं. "आता लावला तर लावला. तुले काय वाटते, निजामुद्दीनले पुन्हा भज्याच्या गाडीवर पकडशीन? एकशे बारावरून आलो मी, हुस्ना. लोक म्हनत होते याच्यानं काय होते. बाईनं दवाखान्याच्या वहीत लिहून ठेवलं असन की एक मानूस असा बी होता."

त्याने ताट हाताने दूर सारलं, हळूच, पण ठामपणे. सुईत दोरा ओवू लागला. दोरा दोनदा चुकला. हुस्नाबी त्याच्यासमोर गादीवरच बसली. तिला वाटलं, हा असाच उपाशी जाईल. माझ्याच शब्दावर, माझाच हुकूम पाळत.

"ऑपरेशन नाई होनार," ती म्हणाली.

"काहून?"

तिने सांगितलं. कसं सांगितलं ते तिला नंतर आठवलं नाही; बाईंनी सांगितलं होतं त्याच क्रमाने सांगितलं असावं, कारण गाठीपासून सुरू करून ती भुकेपर्यंत आली, आणि भुकेपाशी थांबली. बाहेर पानवाला कुणाशी तरी हुज्जत घालत होता, ती ऐकू येत राहिली.

निजामुद्दीनने सुई गादीत टोचून ठेवली.

"म्हंजे हे चोवीस किलो," तो म्हणाला, "हे मी नाई उतरवलं?"

मरणाचं त्याने विचारलं नाही. किती दिवस, विचारलं नाही. सोनोग्राफीचं तर नावही काढलं नाही. काढलं असतं, चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तो फक्त तिच्या तोंडाकडे पाहत राहिला, शाळेच्या निकालाची वाट पाहावी तसा.

"पह्यले पाच तुमचे हायेत," हुस्नाबी म्हणाली. "पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचे. तवा भूक होती तुमाले. भूक असून उतरवले तुमी."

"पाच."

"पुरे पाच. मीच लिहून ठेवले हायेत."

निजामुद्दीनने मान डोलावली. मग ताट जवळ ओढलं, नळी उचलली, दोन घास खाल्ले. तिसरा गेला नाही.